डकवलेल्या कागदाची मागची बाजू

"कुणाला वाईट बातमी सांगायची वेळ आली ना पोरी, तर आधी त्याला बसव. पाणी दे. दोन बऱ्या गोष्टी बोल. आणि मग सांग, तेही हळू."

आत्याचं हे सांगणं तिनं नवव्या वर्षी ऐकलं होतं. त्या दुपारी आत्यानं तिला असंच समोर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला, वेणी किती लांब झाली म्हणून कौतुक केलं, आणि मग आई दवाखान्यातून परत येणार नाही हे सांगितलं. वडील तर त्याआधीच गेलेले. त्या दिवसापासून ती आत्याच्या घरी वाढली, आणि आत्याचं बोलणं तिच्या अंगात असं भिनलं की पुढं ती कुणाशी वेगळ्या तऱ्हेनं बोलूच शकली नाही.

मोठी झाल्यावर ती नगरपालिकेच्या नगररचना विभागात कारकून म्हणून लागली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीखाली सायकलींचा स्टँड, कोपऱ्यात पत्र्याच्या पिंपात उभ्या ठेवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या. तिचं काम नोटिसा लिहिण्याचं. अमुक रस्ता रुंद होणार, तमुक जागेवर आरक्षण पडलं, अमक्या पट्ट्यात बांधकामाला बंदी. तिला सगळे नोटीसताई म्हणत. आवाज इतका हळू की फोनवर पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राही. रोज पहाटे उठून देवाचं नाव घ्यायचं आणि दिवसभरात कुणाला कडू बोलायचं नाही, हे दोन नियम तिनं लग्नाआधीपासून पाळलेले. ऑफिसात तिची चेष्टा चाले. "नोटीसताईनं घर पाडायची नोटीस दिली, तरी माणूस आभार मानून जाईल," असं रेकॉर्डवाला म्हणायचा, आणि ती हसायची. चेष्टेत मायाच जास्त होती.

पण नोटिसा मात्र तिच्या आवाजातल्या नव्हत्या. त्या होत्या 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी'च्या. चार ओळींचं एक वाक्य, त्यात कलमं, पोटकलमं, भूमापन क्रमांक. त्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापून येत, एक प्रत कुठल्या तरी भिंतीवर डकवली जाई, आणि मग कायद्याच्या दृष्टीनं लोकांना सगळं कळलेलं असे. एकदा एक म्हातारा गवंडी रद्दीचा कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. कागदात त्यानं खिळे बांधून आणले होते. खिळे टेबलावर ओतून त्यानं कागद सरळ केला आणि विचारलं, "बाई, यात माझं घर कुठं आहे तेवढं बोटानं दाखवा." नोटीस चौदा महिने जुनी होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं. त्यानं त्या बोटाकडं बघितलं, मग एकेक खिळा वेचून खिशात टाकला आणि तो गेला.

 दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. ड्रॉवरमध्ये पोटाच्या गोळ्या आणि निवृत्तीला तीन वर्षं. ते म्हणाले, "बाई, लोकांना कळलं की लोक भांडतात."

"भांडू देत ना साहेब. कायद्यानंच तीस दिवस दिलेत भांडायला."

"आणि मग सुनावण्या कोण घेणार? तुम्ही?"

"लिहिणं सोपं करते. घरोघर एक साधं पत्रक. घराचा नंबर लिहिलेलं. बाकी काही मागत नाही."

सहा महिने ती मागं लागून राहिली. आवाज न चढवता, दर पंधरवड्याला तोच कागद पुन्हा पुढं सरकवत. शेवटी साहेबांनी हात टेकले. "ठीक आहे. एका आळीपुरतं करून बघा. नाल्याकाठचा हरित पट्टा येतोय ना, तो घ्या. खालची आळी. सत्तावीस घरं आहेत फक्त."

खालची आळी.  त्याच आळीतल्या अकराव्या घरात ती वाढली होती. आत्या अजून तिथंच होती, एकटी.

लपवाछपवी तिला जमली नसती. तिनं तिथल्या तिथं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मसुदा तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण निकाल लागेपर्यंत त्या आळीत पाऊल टाकायचं नाही, आणि या विषयावर आत्याशी अवाक्षर नाही. उद्या कुणी म्हणालं, घरच्यांना आतून सांगितलं, तर सगळं मुसळ केरात."

तिनं मान डोलावली. शब्द दिला की पाळायचा, एवढं तिला कळत होतं.

पत्रक लिहायला तिला चार दिवस लागले. घरी, भांडी आवरल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून ती लिहायची आणि मोठ्यानं वाचून बघायची. नवरा आतून विचारायचा, "कोण आलंय गं?" ती म्हणायची, "खालची आळी आलीय." सत्तावीस घरं जणू तिच्यासमोर बसलेली असत, आणि ती त्यांना सांगत असे. आधी नमस्कार. मग नाल्याच्या पाण्याचा त्रास तुम्ही वर्षानुवर्षं सोसताय याची नगरपालिकेला जाणीव आहे, हे. मग काठानं झाडं लागतील, पायवाट होईल, बसायला जागा होईल, पाणी घरात शिरायचं थांबेल, हे. शेवटी काही सुचवायचं असेल तर या म्हणून सुनावणीची तारीख. पुढची बाजू इथं संपत होती. पानाच्या तळाशी तिनं लिहिलं, 'कृपया मागील बाजू अवश्य पाहावी.'

आणि मागच्या बाजूला, मोठ्या ठळक अक्षरांत: 'या पट्ट्यात राहती घरे ठेवता येणार नाहीत. तीन वर्षांच्या आत घरे रिकामी करावी लागतील. हे मान्य नसल्यास प्रत्येक घरातून तीस दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी. तोंडी सांगितलेले धरले जाणार नाही.'

ही चार वाक्यं तिनं तीनदा पुढच्या बाजूला घेऊन बघितली. तीनदा पुन्हा मागं टाकली. दार उघडल्याबरोबर कुणाच्या तोंडावर असं फेकायचं? आधी बसू दे माणसाला. पान उलटेपर्यंत जेवढा वेळ जाईल, तेवढा तरी वेळ त्याला मिळू दे.

पत्रकं छापून आली. ती छान दिसत होती. साहेबांनीही उलटसुलट करून "बरं जमलंय" म्हटलं. ऑफिसात असं कौतुक वर्षातून एखाद्याच्या वाट्याला येतं. फाइलच्या प्रतीवर तिनं तारीख घातली, जावक क्रमांक घातला, खाली रोजची ओळ लिहिली, आणि गठ्ठा शिपाईकाकांकडं गेला.

त्या रात्री निजण्याआधी तिनं एरवीपेक्षा जास्त वेळ हात जोडले. म्हणाली, देवा, त्यांना रडू दे, चिडू दे, पण लिहू दे.

तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. ती घाईघाईनं म्हणाली, "आत्या, मला काही विचारू नकोस. महिनाभर येताही येणार नाही, ऑफिसचं बंधन आहे. कागद तेवढा नीट वाच."

"वाचला की," आत्या म्हणाली. "किती गोड लिहिलंयस गं. मी आळीभर सांगितलं, माझ्या भाचीचं अक्षर नसलं तरी बोलणं तिचंच आहे."

फोन ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. आत्या अशीच होती. घर जाणार हे वाचूनही आधी लिहिणारीचं कौतुक करणारी. एवढं काळीज देवानं तिला कुठून दिलं असेल, असं तिला वाटलं. आणि मग तीस दिवस तिनं तिकडं पाहिलं नाही. बाजाराला जाताना नाल्याचा पूल टाळून लांबच्या रस्त्यानं गेली. टपालाच्या टोपलीकडंही बघितलं नाही. हरकती मोजण्याचं काम तिच्याकडं नव्हतं, सुनावणीला बसण्याची तिला परवानगी नव्हती. सुनावणीच्या दिवशी तर तिनं मुद्दाम रजा टाकली, आणि घरी बसून, आत्ता कोण बोलत असेल, आळीतले शिंपीकाका किती तावातावानं भांडत असतील, याचा अंदाज करत डाळ निवडली.

एकतिसाव्या दिवशी नाही, बेचाळिसाव्या दिवशी फाइल तिच्या टेबलावर आली. अंतिम टिपणी लिहायची होती. साहेबांनी पेन्सिलीनं मुद्दे काढून दिले होते.

हरकती: निरंक.

सूचना: एक. नाल्याकाठी ठेवण्यात येणारा बाक पाठ टेकता येईल असा व उंचीला कमी असावा, अशी आळीतील एका ज्येष्ठ महिलेची विनंती. रहिवाशांची योजनेस सहमती दिसते.

निरंक म्हणजे एकही नाही. तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आळी दुसरीच कुठली तरी आहे, असं तिला वाटलं, म्हणून तिनं वरचा क्रमांक तपासला. मग सुनावणीला आलेल्यांच्या सह्या बघितल्या. दोनच सह्या होत्या. एक शिंपीकाकांची. दुसरी आत्याची, शाळेत गिरवल्यासारखी, एकेक अक्षर सुटं.

फाइल घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, या दोघांना तुम्ही काही सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

"घरं जाणार ते."

साहेबांनी तिच्याकडं नवलानं बघितलं. "पत्रकात होतंच की. तुम्हीच लिहिलं होतं. मला वाटलं, समजूतदार लोक आहेत. बाईंच्या पत्रकाचा गुण. मी तर नगररचना समितीला सांगितलं, ही पद्धत सगळीकडं करू. एकही भांडण नाही."

तिनं फाइल मिटली.

"खरं सांगायचं तर," साहेब म्हणाले, "तीनचार हरकती आल्या असत्या, तर मी पट्ट्याची रेषा नाल्याच्या पलीकडं सरकवणार होतो. पलीकडं मोकळं रानच आहे. समितीही तयार होती. पण विनाकारण कशी सरकवू? कागदावर कारण लागतं, बाई."

फाइल तिथंच ठेवून ती आपल्या टेबलाशी आली. रजेचा अर्ज न देता पर्स उचलली, आणि बेचाळीस दिवसांनी पहिल्यांदा खालच्या आळीचा उतार उतरली.

आळी होती तशीच होती. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला नाल्याचा कठडा, मधे दोन सायकली जेमतेम जातील एवढी वाट. आणि प्रत्येक दारावर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, तिचं पत्रक. चारही कोपऱ्यांनी, मधोमध, खळ लावून पक्कं चिकटवलेलं. सत्तावीस नमस्कार. मागची बाजू दारांना.

तिनं पहिल्या दाराच्या कागदाखाली नख घातलं. कोपरा जरासा फाटला आणि नखात पांढरा चुरा आला. कागद निघाला नाही. शिपाईकाका खळ घरी शिजवायचे. भिंत पडेल पण माझी नोटीस सुटणार नाही, असं अभिमानानं सांगायचे.

"निघायचं नाही ते," मागून कुणीतरी म्हणालं. दाराशी शिवणयंत्र ठेवून शिंपीकाका बसले होते. गळ्यात मापाची पट्टी, तोंडात दोन टाचण्या. त्यांनी टाचण्या काढल्या. "आम्ही करून बघितलंय. मागील बाजू अवश्य पाहावी म्हणे! दार उखडून बघायची होती का?"

"काका, मग तुम्ही विचारलं नाही कुणाला?"

"विचारणार होतो. मी म्हटलं, वरच्या रस्त्यावर वकील बसतो, त्याला घेऊन येऊ. तर तुमची आत्या माझ्या अंगावर आली. म्हणाली, वकील कशाला? माझ्या भाचीनं लिहिलंय. मागं फोन नंबरबिंबर असेल. वाईट असतं तर पोरीनं मला सांगितलं नसतं का?" त्यांनी पाय यंत्रावर ठेवला, पण चालवला नाही. "काय होतं मागं?"

तिनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसायला सांगण्याएवढी शुद्ध तिला नव्हती. काकांनी ऐकलं. मांडीवरच्या सदऱ्याची बाही उलटी होती, ती सुलटी केली. पुन्हा उलटी केली.

"आणि आता?"

"मुदत संपली."

"म्हणजे आम्ही तिथं जाऊन बाक मागून आलो," ते म्हणाले. "साहेबानं चहा पाजला आम्हाला. मी तर म्हटलं, बाक दोन द्या."

आत्या घरात होती. आरडाओरडा झाला नाही. भाचीला बघून तिचा चेहरा फुलला, आणि मग भाचीचा चेहरा बघून विझला. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "तू फोनवर म्हणालीस ना, नीट वाच. ते यासाठी?"

"हो."

"मी नीटच वाचला गं. जेवढा दिसत होता तेवढा." आणि मग, "मीच सगळ्यांना गप्प बसवलं. आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

रागावली असती तर बरं झालं असतं. दोन मारल्या असत्या तर त्या भाचीनं अंगावर घेतल्या असत्या. पण आत्यानं उठून तिची पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना?"  

दुसऱ्या दिवशी तिनं शिपाईकाकांना गाठलं. "काका, हातात द्यायची होती ना पत्रकं? डकवली कशाला?"

काका दुखावले. "ताई, मी माझ्या मनानं काही करतो का? लिहून दिल्यासारखं केलं." आणि त्यांनी जपून ठेवलेली फाइलची प्रत काढून दाखवली. तळाशी तिच्याच अक्षरात, अकरा वर्षं प्रत्येक नोटिशीखाली ती लिहीत आली होती तीच ओळ होती: 'दर्शनी भागी डकवून अहवाल सादर करावा.'

हात लिहून गेला होता. डोकं पत्रकाच्या कौतुकात होतं, आणि हातानं रोजची ओळ लिहिली होती.

तिनं टिपणी लिहिली. या वेळी गोड काही नाही, फक्त घडलं ते. पत्रक दोन बाजूंचे होते. मी ते डकवण्यास लिहिले. घरे जाण्याचा मजकूर दारांना चिकटला. रहिवाशांना तो कळलेला नाही. चूक माझी आहे. सुनावणी पुन्हा घ्यावी.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. पोटाची गोळी घेतली. "बाई, नोटीस दर्शनी भागी डकवली की ती पोचली, असं नियम सांगतो. कुठली बाजू, हे नियमात नाही."

"पण साहेब, त्यांना कळलं नाही."

"कळणं नियमात नाही. पोचणं आहे."

"मग वर अपील?"

"ज्यानं हरकत घेतली, त्यालाच अपील. यांची हरकत निरंक आहे. आणि समितीत ठराव झाला, ताई. पुढच्या आठवड्यात आदेश." पहिल्यांदाच त्यांनी तिला बाई न म्हणता ताई म्हटलं, आणि त्यामुळं तिला कळलं की आता खरंच काही उरलेलं नाही. "तुमची टिपणी मी फाइलला लावतो. लपवणार नाही. फक्त तिच्यावर पान क्रमांक टाका."

तिनं पान क्रमांक टाकला. एकशे चौदा.

तरीही ती समितीच्या अध्यक्षांच्या दारात तासभर उभी राहिली. त्यांनी उभ्याउभ्याच ऐकलं आणि, तुमच्यासारखे कर्मचारी हवेत, असं म्हणून गाडीत बसले. वरच्या रस्त्यावरच्या वकिलाकडं ती गेली. त्यानं पत्रक उलटून बघितलं आणि तो हसला, वाईट हेतूनं नाही, पण हसला. म्हणाला, "पुढची बाजू दाखवली तर कोर्ट म्हणेल, चांगली योजना आहे. मागची दाखवली तर म्हणेल, स्पष्ट लिहिलंय की." पहाटे देवाचं नाव घेताना आता तिची जीभ अडखळायची. मागायचं काय, हेच ठरत नव्हतं. घरं वाचव म्हणावं, तर ते देवानं तिच्या हातात देऊन झालं होतं आणि तिनं ते घालवलं होतं.

आळीत बातमी फुटली, पण अर्धीमुर्धी. शिंपीकाकांनी सांगितलं ते काहींनी मानलं, काहींनी नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं नव्या बाळासाठी खोलीला रंग काढायला घेतला होता, तो त्यानं थांबवला नाही. पण ज्यांनी मानलं, त्यांनी आत्याकडं येणं बंद केलं. आत्याची संध्याकाळ उंबऱ्यावर बसून जायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारण्यात. आता ती हाक मारायची आणि माणसं नाल्याच्या बाजूनं तोंड करून पुढं जायची. एक दिवस भाची गेली तेव्हा आत्या आत बसली होती, दार लोटून. "बाहेर वारं लागतं," म्हणाली. वारं नव्हतं.

"आत्या, माझ्याकडं चल राहायला."

"आणि इथं कोण राहील? मी गेले तर म्हणतील, बघा, हिला आधीच ठाऊक होतं." तिनं हात पुसले. "मी सगळ्यांच्या शेवटी जाईन. तेवढं तरी मला करू दे."

परतताना ती शिंपीकाकांच्या यंत्रापाशी थांबली. काका एका चादरीला पट्टी लावत होते, मान वर केली नाही. ती म्हणाली, "काका, आदेश सोमवारी निघतोय."

"परत चिकटवणार?"

"नियम आहे."

"ही बाजू बाहेर ठेवा म्हणावं या खेपेला." यंत्र थोडं पुढं चाललं, थांबलं. "ऐका. आळीत निम्म्या लोकांना अजून वाटतंय की हे मिटेल. मी सांगितलं तर म्हणतात, शिंप्याचं डोकं फिरलंय, वकिलाचं वेड लागलंय. तुमची आत्या सांगायला गेली की दारं लावून घेतात. सोमवारी तो कागद दारावर बघतील आणि पुन्हा एकमेकांना विचारतील, यात आहे काय. इस्त्रीवाला खोली रंगवतोय. त्याला कुणीतरी सरळ सांगायला नको?"

"मी सांगते."

"कशी? पत्रक लिहून?"

"नाही. तोंडानं. रविवारी येते, आदेशाच्या आधी. सत्तावीसही घरी जाते."

आता काकांनी मान वर केली. "शिव्या खाल."

"हो."

"गोड बोलायचं नाही. झाडंबिडं काही नाही. घर जाणार, तीन वर्षांत, आणि आता काही करता येत नाही. एवढंच. आणि ही चूक कुणाची, तेही."

"तेही सांगेन. शब्द देते, काका."

त्यांनी मान हलवली, बरं म्हणून की काय करणार म्हणून, ते तिला समजलं नाही. दोरा तुटला होता, तो ते ओवायला लागले. डोळे बारीक करूनही सुईत जाईना. तिनं हात पुढं केला, तर त्यांनी सुई दिली नाही.

शनिवारी ती नेहमीसारखी ऑफिसात गेली. आदेशाच्या सत्तावीस प्रती मोजून तयार ठेवल्या. एकाच बाजूचा कागद होता आणि त्यात सगळं होतं. भूमापन क्रमांक, कलम, पोटकलम. आता हे वाचून कुणाला काही कळलं काय, न कळलं काय. खाली रोजची ओळ लिहायची होती. तिनं ती लिहिली, कारण लिहिली नाही तर दुसरं कुणी लिहिणारच होतं.

रविवारी ती उठली तेव्हा उजाडत होतं. देवापुढं बसली. मागितलं काहीच नाही, नुसती बसली. घरची कामं एकेक करून उरकली. नवऱ्यानं विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"नको."

"निदान काय बोलायचं ते लिहून तरी घे. तिथं गेल्यावर सुचणार नाही."

"लिहीत नाही," ती म्हणाली.

त्यानं दार उघडून धरलं. ती हात मोकळे ठेवून, पर्सही न घेता, जिना उतरली आणि पुलाच्या रस्त्याला लागली.